सुतकात सापडलेला गहू

आमच्या गावात पेरायचा गहू एकाच बाईच्या हातचा न्यायचे, आणि ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ, आक्काबाई. एकलहऱ्याच्या अलीकडं, गोदावरीच्या काठाला दीडशे उंबऱ्यांचं आमचं गाव. जमीन काळी, विहिरींना पाणी, गहू सगळ्यांच्याच वावरात. पण बियाणं म्हणून आपल्या घरातला गहू कुणी पेरत नसे. दसऱ्याला सोनं वाटून झालं की गडीमाणसं आमच्या अंगणात उपरणं पसरून उभी राहायची. आक्काबाई घरातल्या उंच कणगीतून ओंजळ भरून आणायची आणि ज्याच्या-त्याच्या उपरण्यात टाकायची. पुढची मापं माझा नवरा कोंडाजी घालायचा, पण पहिली ओंजळ तिची. ती पडली की माणूस उपरण्याला कपाळ लावायचा. गावचे पाटील खंडेराव, तेसुद्धा लावायचे.

आता ऐका, ह्यात मेख कुठं होती ती. आक्काबाईला मूलबाळ नव्हतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, नवस-सायास सगळे करून झाले होते. अशा बाईच्या हातून आमच्याकडं ओटी भरून घेत नाहीत, तान्ह्या पोराला तिला काजळ लावू देत नाहीत, आणि पेरणीला निघालेल्या माणसापुढं तिने येऊ नये म्हणतात. मग बियाणं तिच्या हातात आलं कसं? तर आमच्या सासूबाई ज्या साली अंथरुणाला खिळल्या, त्या साली कणगी हिनेच भरली, कुणाला न सांगता. ते बी असं उगवलं की वावरात बोट ठेवायला जागा नव्हती. हात कुणाचा लागला म्हणून गाव विचारत आलं. कळल्यावर चार दिवस कुजबुजलं, आणि मग देवाने एक दिलं नाही तर दुसरं दिलं म्हणून मोकळं झालं. सोयीचं असलं की गावाला सगळं पटतं.

हात-बीत काही नव्हता हो, मला विचारा. चौदा वर्षं एका चुलीवर भाकरी भाजल्या आम्ही दोघींनी. ती काय करायची ते मी डोळ्यांनी बघत होते. गहू मळून झाला की त्याला सात उन्हं द्यायची. मोजून सात. सकाळी दव सुकल्यावर पातळ पसरायची, दर घटकेला पायाने सऱ्या ओढायची, आणि ऊन कललं की गोळा करून झाकायची. रोज दोन दाणे दाताखाली घालायची. ओला दाणा दाताखाली दबतो, त्याला आवाज नसतो. वाळलेला कट् करून फुटतो. सातव्या दिवशीही दबला तर आठवं ऊन. मग रात्रभर गार होऊ द्यायचा, तापलेला कधी भरायचा नाही. कणगीत थराथराने गोवऱ्यांची राख आणि कडुलिंबाचा सुका पाला, वरून शेणमातीने तोंड लिंपायचं. एवढंच. ह्यात कसला आला आहे हात?

पण कुणी विचारलं की ही बाई नुसती हसायची आणि म्हणायची, हात लागतो त्याला. मला राग यायचा. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, की आक्का, खरं काय ते सांगून टाक ना गावाला, बायका आपापल्या घरी शिकतील. ती पाखडत होती. सूप तसंच हातात धरून म्हणाली, "भागे, ऊन सगळ्यांच्याच अंगणात पडतंय. हे सांगितलं तर माझ्या दारात कोण येईल?"

 तिचंही खरंच होतं. दसऱ्याचा तो एक दिवस गाव तिच्यापुढं वाकायचं. बाकीचे दिवस तिला हळदीकुंकवाला बोलावताना बायका एकमेकींकडं बघायच्या.

ते पस्तीस साल असावं. होळी झाली होती. आमच्या विहिरीजवळच्या वावरातला बियाण्याचा गहू कापून पेंढ्या बांधून पडला होता, आणि पाऊस आला. ध्यानीमनी नसताना, दुपारच्या उन्हात. एक दिवस नाही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी उघडलं, तरी नाशिकच्या अंगाला आभाळ काळंच होतं. थोरले दीर, म्हणजे आक्काबाईचे यजमान कारभारी, म्हणाले की आता वाट बघत बसलो तर पेंढीतच कोंब फुटतील, मळून घेऊ. मग बैल धरले आणि ओलसरच गहू मळला. उफणून संध्याकाळी घराशेजारच्या खळ्यावर रास घातली, वर कडबा आणि गोणपाट टाकलं. आक्काबाईने दोन दाणे चावले आणि थुंकून टाकले. दात रुतले होते. सकाळी ऊन पडलं की पहिलं काम पसरायचं, म्हणाली. सगळे दमून झोपलो.

सकाळी ऊन पडलं, लख्ख पडलं. आणि त्या उन्हातून गोटीराम चालत आला. हा नांदगावचा माणूस, आमच्या नवऱ्यांच्या चुलत्यांच्या शेजारचा. नाशिकरोडला गाडीतून उतरून पायी आला होता. त्याने दारातूनच सांगितलं, चुलते आदल्या दिवशी गेले. त्या म्हाताऱ्याने वाटणीच्या भांडणापासून आमचं तोंड बघितलं नव्हतं. जन्मात एक शब्द धड बोलला नाही, आणि मेला तो नेमका त्या दिवशी. पण रक्त एक तर सुतक एक. गोटीरामचे शब्द कानावर पडले आणि आम्ही सगळे सुतकात बसलो. दहाव्यापर्यंत आठ दिवस होते. सुतकातला हात देवाला लागत नाही आणि बियाण्याला लागत नाही, हा आमच्या गावचा नेम. खायचं धान्य चालतं. बियाणं नाही.

कारभारी आणि कोंडाजी तेव्हाच नांदगावला निघाले, दहावं करूनच येणार होते. घरात आम्ही दोघी. आक्काबाई ओट्यावर बसली. समोर वीस पावलांवर रास.

पहिला दिवस ती राशीकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी वारा खळ्याकडून आला तशी तिने मान वर केली. मलाही वास आला. ओल्या गोणपाटाचा येतो तसा कुबट. ती उठली, खळ्याच्या कडेपर्यंत गेली, पदरात हात गुंडाळून उभी राहिली आणि परत आली. म्हणाली, रास तापायला लागली आहे. हात न लावता कसं कळलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, सकाळी वरच्या गोणपाटातून वाफ निघत होती.

माझा जीव तीळतीळ तुटत होता, तिचं काय होत असेल? ऊन तर असं पडलं होतं की पापड वाळावेत. सात सोडा, तीन उन्हंसुद्धा त्या वेळी पुरली असती. आणि आम्ही दोघी धडधाकट बाया, हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी महेबूब आला. महेबूब पिंजारी आमच्या वाड्याच्या मागच्या आळीला राहायचा, गावाच्या गाद्या-रजया त्याच्या हातच्या. भला माणूस. त्यालाही वास गेला असणार. तो खळ्याजवळ थांबला, मग ओट्याखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, मी पसरतो की. मला कुठं तुमचं सुतक हाय? मी अन् माझी बायको सकीना मिळून सुतक फिटंपर्यंत ऊन देऊ. तुमी इथूनच सांगा कसं करायचं ते."

मी आक्काबाईकडं बघितलं. खरं सांगते, माझ्या मनात आलं की देवानेच धाडला ह्याला. तिच्याही तोंडावर क्षणभर उजेड आला. ओठ हलले. आणि मग ती म्हणाली की नको, बियाण्याला दुसऱ्याचा हात नको. महेबूबला वाटलं, आपण मुसलमान म्हणून नको म्हणतात. त्याने मान खाली घातली आणि गेला. त्याला बोलावून सांगायला हवं होतं की तसं नाही. ते मी सांगितलं नाही.

तो गेल्यावर मी तिच्यावर उखडले. म्हटलं, आक्का, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उभं बियाणं कुजतंय आणि तू सोवळं घेऊन बसलीस? ती महेबूब गेला त्या वाटेकडं बघत राहिली. मग हळू म्हणाली, "त्याच्या हातानं वाळलं अन् उगवलं, तर?"

 अन् नाही उगवलं तर, एवढंच विचारायचं होतं. पण ते मला नंतर, फार नंतर सुचलं. तेव्हा मला फक्त तिची कीव आली, आणि मी भाकरी करायला आत गेले.

दहाव्याचं पाणी पडलं, पुरुष परत आले, आम्ही डोक्यावरून न्हालो, आणि ओल्या केसांनी आक्काबाई खळ्यावर धावली. गोणपाट काढून तिने कोपरापर्यंत हात राशीत घातला आणि झटकन बाहेर काढला. आत चुलीतल्या राखेसारखं गरम होतं. मधले दाणे एकमेकांना चिकटून ढेपा झाल्या होत्या. काहींना पांढरे कोंब फुटून तिथंच काळे पडले होते. 

मग तिने काय मेहनत घेतली, विचारू नका. ढेपा फोडल्या, कोंबाचे दाणे वेचून टाकले, सात नाही, अकरा उन्हं दिली. वास गेला. रंग जरा मळकट राहिला, पण पाखडून चाळून गहू दिसायला देखणा झाला. दाताखाली कट् वाजायला लागला. कारभारी म्हणाले, झालं की, उगीच जिवाला घोर लावून घेतलास. मलाही हायसं वाटलं. कणगी भरली, लिंपली. पण आक्काबाई त्या वर्षी लिंपताना गप्पगप्प होती. दाणा वाळला होता. पण वाळलेला दाणा जिता आहे का मेलेला, ते दाताला कळत नाही.

पावसाळा सरत आला. भादव्यात एके दुपारी मी परसात गेले तर ती पाण्याच्या रांजणाआड बसून ओलं फडकं उलगडत होती. मला बघून तिने झाकलं, मग पुन्हा उघडलं. एकवीस दाणे भिजत घातले होते तिने. चार दिवस झाले होते. पाच दाण्यांना कोंब होता. बाकीचे फुगून, बुळबुळीत होऊन पडले होते. तिसऱ्यांदा बघतेय, म्हणाली. पहिल्यांदा सहा आले, मग चार, आता पाच.  तिने कारभाऱ्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, गप बस, देवीला साकडं घालू, घटात उगवलं की सगळं नीट होईल.

नवरात्रात देवीच्या देवळात गावचा घट बसतो, मातीत गहू पेरतात. तो गहूही आमच्याच कणगीतला. दरसाल नवव्या माळेला हिरवंगार तृण वीतभर वाढायचं. त्या साली काय आलं? इथं चार, तिथं दोन, मध्ये नुसती माती. देवळात बायका बघायच्या आणि काही न बोलता बाहेर पडायच्या. ते गप्प राहणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

तरी दसऱ्याला लोक आलेच. उपरणी घेऊन अंगणात उभे राहिले, पुढं खंडेराव पाटील, त्यांच्या मागं त्यांची आई सखुबाई. आक्काबाई बाहेर आली ती रिकाम्या हाताने. मला वाटलं ही आता भोवळ येऊन पडणार. पण ती दारात ताठ उभी राहिली. पाटलांसमोर पदर सावरून बोलण्याची तिची ती पहिलीच वेळ.

"हे बी नेऊ नका, पाटील. ते मेलंय. सुतकात आठ दिवस रास ओली पडली, आतून तापली, दाणा उकडून निघाला. मी भिजवून बघितलंय, चारातला एक उगवतोय."

 मग तिने ते सांगितलं जे तिने इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. म्हणाली, माझ्या हातात काही नाही. कधीच नव्हतं. मी नुसतं ऊन देत होते. सात उन्हं, दात लावून बघणं, राख, पाला, सगळं सांगितलं. कुणालाही जमेल म्हणाली. यंदाचं बी आणायचं तर नांदगावकडून आणा, तिकडं ऐन मळणीला पाऊस नव्हता, तिकडचा गहू कोरडा असेल. सांगताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पुसत नव्हती. मला वाटलं, सुटलो. एवढं खरं बोलल्यावर कोण ऐकणार नाही?

खंडेराव बिचारे गोंधळले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी कणगीतून मूठभर गहू आणवला, तळहातावर चोळला, दोन दाणे चावले. कट् वाजला. म्हणाले, दाणा तर चांगला खडखडीत हाय. आणि मग सखुबाई पुढं झाली. सात लेकांची आई, गावात तिचा शब्द. ती शांतपणे म्हणाली, "ती सवताच सांगतेय की तिच्या हातात काय नाय. देवीनं घटात दाखवलंच व्हतं. मग बियाला दोष का लावायचा? हात बदला."

झालं. आक्काबाईने सगळं पणाला लावून जे खरं सांगितलं, त्यातलं त्यांनी नेमकं अर्धं उचललं. हात नाही हे पटलं. दाणा मेला हे पटलं नाही. परक्या मुलखाचं बी आपल्या काळीत नीट येत नाही, असं कुणीतरी मागून म्हणालं. सखुबाई आमच्या घरात शिरली. तिने कणगीला हळदकुंकू लावलं आणि पहिली ओंजळ काढली. आक्काबाई तिच्या मागं मागं, नका हो, नका हो, करत होती. कारभाऱ्यांनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. मी कोपऱ्यात उभी होते. मी बघितलंय, एकवीसातले पाचच उगवले, असं मी पुढं होऊन म्हणालेही. पण धाकट्या सुनेचं कोण ऐकतं? कोंडाजीने डोळे वटारले आणि मी मागं सरले.

पेरण्या झाल्या. आक्काबाई रोज सकाळी बांधावर जाऊन यायची. आठव्या दिवशी आली आणि चुलीपुढं बसली. मी जाऊन बघितलं. सगळ्या शिवारात तेच, पेरलेल्या ओळीत वीतभर मोकळं, मग एक पातं, मग हातभर मोकळं. कुणी मोडून हरभरा टाकला, कुणी तसंच ठेवलं. नाशिकहून पुन्हा बी आणावं तर जमिनीतला वापसा, पेरणीपुरती ओल, निघून गेली होती.

आता तरी लोकांना कळेल, असं मला वाटलं. कसलं कळतंय? विहिरीवर बायका बोलायच्या, कणगी तर तिनेच भरली होती ना, वांझेचा हात आधीच लागला होता, मग सखुबाईच्या हाताने काय होणार? इतकी वर्षं उगवलं ते कुणाच्या हाताने, असं मी घागर आपटून विचारलं. त्यावर एक म्हणाली, देवीने इतकी वर्षं सांभाळून घेतलं. मी कडाकडा भांडले. घागरीला पोचा पडला. घरी येऊन आक्काबाईला सांगितलं तर म्हणाली, राहू दे, जड पोटानं भांडू नये.

कारण मी तेव्हा सात महिन्यांची होते. माघात मला मुलगी झाली. तिच्याआधी माझी दोन लेकरं गेली होती, दोन्ही महिन्याच्या आत. ह्या खेपेला बाळंतपण आक्काबाईनेच केलं. शेक, शेगडी, माझं खाणंपिणं, रात्रीचं जागणं, सगळं. फक्त पोरीला उचलायची ती सुईण किंवा मी. ती आपणहून हात लावत नव्हती. मी ते बघत होते आणि बघून न बघितल्यासारखं करत होते.

बाराव्या दिवशी बारसं केलं. घर बायकांनी भरलं. आक्काबाईने स्वतःच्या लग्नातल्या शालूचा काठ काढून पोरीला कुंची शिवली होती. सगळ्यांच्या देखत ती पुढं आली, कुंची खांद्यावर टाकली आणि पोरीला घ्यायला दोन्ही हात पुढं केले. हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसत होती.  सखुबाई काही बोलली नाही, कुणीच काही बोललं नाही.

आणि मी, जिने ते एकवीस दाणे डोळ्यांनी बघितले होते, जी विहिरीवर हिच्यासाठी भांडले होते, जिला पक्कं ठाऊक होतं की हातात काही नसतं, त्या मी पोरीला छातीशी ओढून घेतलं. ठरवून नाही. पण ओढलं.

आक्काबाईचे हात तसेच राहिले क्षणभर. मग तिने कुंची पाळण्याच्या कडेला ठेवली आणि घुगऱ्या वाढायच्या आहेत म्हणून आत गेली.

पोरगी जगली. तिला आता दोन लेकरं आहेत. मी पंचवटीत भाजी विकायला बसते तेव्हा ती येऊन भेटून जाते. आक्काबाई पुढं सात वर्षं होती. त्या सात वर्षांत तिने माझ्या पोरीला एकदाही उचलून घेतलं नाही, आणि घे म्हणून सांगायला माझं तोंड उघडलं नाही.